घराचे वासे का फिरतात?

घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, अशी आपल्यात एक म्हण आहे. दिवस पालटले की आपली म्हणविणारी माणसेही पाठ फिरवितात, असा तिचा अर्थ शाळेत शिकविला जातो. अर्थ बरोबर आहे. पण ज्यांचे आयुष्य धार-देवासकडच्या जुन्या वाड्यांत गेले त्यांना या म्हणीत अलंकार दिसत नाही. वासे खरोखरच फिरतात. एक कवेलू सरकते, तेथून पाणी झिरपते, ओलीमागून वाळवी चढते, आणि चार-दोन पावसाळ्यांत सरळसोट सागवानी वासा ओल्या पंचासारखा पिळवटून जातो. मग ज्या खोलीत आजोबा पोथी वाचीत तेथे पातेली मांडून ठेवावी लागतात आणि रात्रभर त्या पातेल्यांचा जलतरंग ऐकत पडावे लागते.

या म्हणीत मला विशेष वाटते ते तिने लावलेल्या क्रमाचे. आधी घर फिरते, मग वासे. जुन्या वाड्याची दुरुस्ती काढणारे आपण सारे मात्र उलट समजतो. वासे बदलले, भिंती लिंपल्या, म्हणजे घर सावरले, असा आपला हिशेब असतो. धारच्या एका वाड्याची दुरुस्ती गेली बारा वर्षे माझ्या मानेवर आहे, आणि देवासला माझ्या आजोळचा वाडा उतरताना मी डोळ्यांनी पाहिला आहे. या दोन वास्तूंवरून जे ध्यानात आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. वाचकांपैकी पुष्कळांच्या नावावर असा एखादा वाडा, निदान वाड्याचा एखादा खण, असेलच.

माझी मालकी म्हणाल तर एकोणिसात एक. अडतीस खणांच्या वाड्यात माझ्या वाट्याला बरोबर दोन खण येतात. पण ते कोणते दोन, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. अशा वाड्याचे मालक असणे म्हणजे गावच्या जत्रेचे मालक असण्यासारखे आहे. अभिमान सर्वांचा, खर्च कुणाचाच नाही.

पवारांबरोबर अठराव्या शतकात आपली माणसे माळव्यात आली. धारला एक गादी झाली, देवासला दोन. शिलेदारांमागून फडणीस, कारकून, वैद्य, भिक्षुक आले आणि राजवाड्याच्या आसपास मराठी आळ्या वसल्या. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यात झाला, हे प्रत्येक धारकर मुलाला पाढ्यांच्या आधी पाठ होते. आमच्या वाड्यात तर त्या बाळंतपणाला सुईण आमच्याच आळीतून गेली होती, अशी एक बिनपुराव्याची बखरही सांगितली जाते. वाडा पाडू नये म्हणून जी कारणे कुटुंबात दिली जातात त्यांत ही सुईण नेहमी पहिली असते.

या वाड्यांची जात देशावरची, पण अंगरखा माळव्याचा. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, भिंतीतले बळद, कोनाडे हे सारे देशावरचे. छपरावर मात्र कुंभाराचे नळीचे कवेलू. बांधणी समजून घेण्याजोगी आहे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई आणि तुळईवर कडीपाट. वाड्याचे ओझे हा लाकडी सांगाडा उचलतो. मधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या नाहीतर कच्च्या विटांच्या. त्यांचे काम ऊन, वारा आणि शेजारी यांना अडविण्याचे. लाकडाचे सांधे खिळ्यांनी जखडलेले नसतात. एकमेकांत बसविलेले असतात. त्यामुळे जमीन थोडी हलली तर सांगाडाही थोडा हलतो आणि पुन्हा जागेवर बसतो.

माळव्यात जमीन हलते, आणि ती भूकंपाने नव्हे. ज्या काळ्या मातीच्या जोरावर माळवा गहू आणि कापूस पिकवीत आला तीच माती घरांची वैरीण आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाची चिकणमाती असते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्याच मिटून जातात, हे आपण पाहतो. घराच्या जोत्याखालीही तोच खेळ चालतो. ज्या जुन्या गवंड्यांनी काळी माती उकरून खाली मुरूम लागेपर्यंत पाया नेला, त्यांचे वाडे टिकले. मागाहून जोडलेली न्हाणीघरे, पडव्या, जिने यांचे पाय उथळ. ते दर वर्षी मूळ वाड्यापासून सुपारीएवढे दूर सरकतात. आमच्या मागल्या भिंतीच्या भेगेवर मी चुन्याने काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली होती. उन्हाळ्यात पट्टी तडकली. पावसाळ्यात भेग मिटली. घरातल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि दिवाळीनंतर भेग पुन्हा उघडली.

या हवेचेही दोन गुण आहेत. १९४८ साली कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले ते क्षयाच्या आजारात, कोरडी हवा मानवेल या आशेने. ती मानवली, ते उठले, गायले, आणि देवासचे नाव देशभर झाले. ज्या कोरडेपणाने त्यांच्या फुप्फुसाला आराम दिला त्याच कोरडेपणाने आमच्या जोत्याखालची माती आकसते. १९९० साली तर देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा उन्हाळ्यात माणसे तहानेने हैराण होतात हे सर्वांना दिसते. त्याच उन्हाळ्यात पायाखालची जमीनही किती खोल वाळून जात असेल, हे पुढे भिंती सांगतात.

आता कुणी म्हणेल की माती तर पहिल्यापासून काळीच होती. मग दीड-दोनशे वर्षे वाडे उभे कसे राहिले, आणि गेल्या पन्नास वर्षांतच त्यांना काय झाले? याचे उत्तर मला चौकात उकिडवे बसून, नळाच्या पाण्याची धार कुठे जाते ते पाहताना मिळाले.

एकत्र कुटुंब होते तेव्हा आमच्या वाड्यात एक विहीर, एक न्हाणी आणि एक मोरी होती. सांडपाणी फरसबंदीखालच्या दगडी पन्हळीतून थेट बाहेर जाई. वाटण्या झाल्या आणि चुली वेगळ्या झाल्या. चूल वेगळी झाली की मोरी वेगळी हवी, नळ वेगळा हवा, पुढे संडासही वेगळा हवा. पाहता पाहता वाड्यात पाच मोऱ्या झाल्या. प्रत्येकीचे पाणी ज्याच्या त्याच्या सोयीने भिंतीच्या कडेने निघाले आणि निम्मे वाटेतच मुरले. ज्या मातीला वर्षातून एकदा पावसाचे पाणी मिळे तिला बाराही महिने एका बाजूने पाणी मिळू लागले. एक बाजू फुगलेली, दुसरी वाळलेली. मधली भिंत दुसरे काय करणार? थोरल्या काकांचे आणि धाकट्या काकांचे भांडण कोर्टात सात वर्षे चालले आणि मिटले. पण त्या भांडणाचे पाणी जोत्यात उतरले ते उतरलेच. वासे फिरण्याच्या आधी घर कसे फिरते, ते असे.

देवासच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण वाटणी म्हणजे काय ते देवासइतके कोणत्याच गावाने पाहिले नसेल. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांची थोरली पाती आणि धाकटी पाती, अशी एकाच गावात दोन संस्थाने नांदली. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. मोठ्या रस्त्याची एक बाजू एका पातीची आणि दुसरी दुसऱ्या पातीची. दोन्ही बाजूंचा पाणीपुरवठा वेगळा, दिवाबत्ती वेगळी. माझे आजोळ धाकट्या पातीतले. आजी सांगे की समोरच्या ओसरीवर बोलायला जायचे म्हणजे परराज्यात पाऊल टाकायचे. ती हसून सांगे. पण ती सवय रक्तात उतरलेली असावी. मामांच्या वाटण्या झाल्या तेव्हा नवी भिंत देवघराच्या मधोमध उभी राहिली. अन्नपूर्णा एका बाजूला गेली आणि बाळकृष्ण दुसऱ्या.

पैसा असता तर हे वाडे वाचले असते, असे आपण सर्रास म्हणतो. त्यावर देवासचाच दाखला आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून देवासला राहिले होते. त्या दिवसांची त्यांची पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ साली प्रसिद्ध झाली; त्यातली टेकडी म्हणजे आपली माताजींची टेकडी. त्या पत्रांत नव्या राजवाड्याचे जे वर्णन आहे ते वाचून आमच्यासारख्यांना खिन्न व्हावे की धीर यावा, कळत नाही. वर्षानुवर्षे बांधकाम चाललेच आहे, आणि एका टोकाला नवे उभे राहते आहे तोवर दुसऱ्या टोकाचे आधी झालेले ढासळू लागले आहे. हौसेने आणलेले पियानो धूळ आणि उन्हाने निकामी झालेले. पुढे कर्जाचा डोंगर आणि घरातला बेबनाव यांत संस्थान बुडत गेले; महाराज १९३३ साली देवास सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७ साली तेथेच निवर्तले. राजाच्या इमारतीला पैसा कमी पडला असे म्हणवत नाही. बांधण्याची हौस होती. राखण्याची रीत नव्हती.

आजोळच्या वाड्याचे मरण निराळ्या तऱ्हेने आले. मामांपैकी एकांनी चांगली नोकरी केली होती आणि निवृत्तीनंतर आपल्या वाट्याची ‘पक्की’ दुरुस्ती करावयाचे मनात घेतले. दर वर्षी कवेलू चाळण्याचा त्रास नको म्हणून त्यांनी छप्पर उतरविले आणि सिमेंटची स्लॅब टाकली. सारी आळी पाहायला आली. पाच इंच जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या घरात जाते. कवेलूचे छप्पर त्याच्या कितीतरी हलके असते. हे ओझे पेलणाऱ्या भिंती मात्र त्याच, पांढऱ्या मातीच्या. वर ओल नको म्हणून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आले. पाचव्यात मधली तुळई तळखड्यावरून सुटली. वाटणीची भिंत देवघरातून गेलेली असल्यामुळे एका मामांचे छप्पर दुसऱ्या मामांना घेऊन खाली बसले. सुदैवाने दुपारची वेळ होती आणि घरात कुणी नव्हते. आज तेथे तीन मजल्यांचे दुकानसंकुल उभे आहे.

सिमेंट वाईट नाही. पण मातीच्या भिंतीला ते सोसत नाही. जमिनीतली ओल भिंतीत वर चढतच असते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा थर तिची वाट बंद करतो. मग ओल कोंडते, आणखी वर चढते, क्षार बाहेर येऊन भिंतीला लोणा लागतो, आतली माती भिजून मऊ होते आणि भिंतीत दडलेली तुळईची टोके कुजू लागतात. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते. ती बोटाने वाजवून पाहिली म्हणजे पोकळ आवाज येतो.

कवेलूची कहाणी त्याहून साधी आणि म्हणून अधिक कठीण. कुंभार चाकावर नळा ओढतो, तो उभा चिरून दोन करतो आणि भाजतो. ते आपले कवेलू. ते ठिसूळ असते हाच त्याचा गुण. वानरांनी एक फोडले तर एकच बदलायचे. मृग लागण्याच्या आधी छप्पर चाळायचे, फुटकी काढायची, सरकलेली सारखी करायची. याला शाकारणी म्हणत. घरातली मुले खालून कवेलू झेलून वर देत आणि दोन दिवसांत काम उरके. मंगलोरी कौले आली, ती बासेल मिशनच्या कारखान्यातून १८६५ पासून निघू लागली आणि हळूहळू देशभर पसरली. त्यांनी दर वर्षीचे हे काम पुष्कळ हलके केले. पुढे पत्रे आले, स्लॅब आल्या. कुंभारांनी कवेलू करणे सोडले, कारण घेणारे उरले नाहीत. आणि आता घेणारे आहेत तर करणारे नाहीत. मला आठशे कवेलू हवे होते. धारच्या आसपासची चार गावे फिरलो. एका कुंभाराने आदराने चहा पाजला आणि सांगितले, “चाक आहे, माती आहे, बाबूजी, पण भट्टी लावायला घरात माणूस उरला नाही.”

सामान मिळाले तरी हुकूम कुणाचा? हा पुढचा घाट. आमचे मूळ कागद मोडीत आहेत आणि ते वाचू शकेल असा घरातला शेवटचा माणूस १९८६ साली गेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत हक्क दिला, २००५ च्या दुरुस्तीने तो जन्मसिद्ध झाला. योग्यच झाले. पण त्यामुळे दुरुस्तीच्या कागदावर सही करणारांत ज्यांनी वाडा पाहिलेलाही नाही अशी माणसे आली. त्यांत पुण्याची आहेत, नागपूरची आहेत, एक भाची कॅनडात आहे. तिचे मुखत्यारपत्र तेथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येईतो एक पावसाळा उलटून गेला. पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणतो, “काका, इमोशनल होऊ नका. प्रॅक्टिकल विचार करा.” त्याचे खोटे नाही. फक्त प्रॅक्टिकल विचार करायला लागलो की पहिला प्रश्न हाच येतो, की या महिन्यात मोरीचा नळ दुरुस्त कोण करणार?

समोरच्या खोल्यांत एक शिंपी भाडेकरू आहेत. भाडे महिना साठ रुपये. १९६१ साली मध्य प्रदेशात भाडेकरूंच्या रक्षणाचा कायदा झाला तेव्हापासून त्यांचे वडील, आणि आता ते. एकोणीस मालकांचे या एका बाबतीत एकमत आहे, की भाडेकरू निघाला पाहिजे. मी मात्र इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली. मध्यरात्री पाऊस आला की चौकातली मोरी तुंबली आहे काय हे कंदील घेऊन पाहणारा माणूस तोच एक. मालकांपैकी कुणी तेथे नसतेच.

काही वाडे आणखी एका कैचीत आहेत. धारला लाट मशीद ही दिलावरखानाने १४०५ साली बांधलेली वास्तू आहे. शेजारी तो प्रसिद्ध मोडका लोखंडी स्तंभ. अशा केंद्र-संरक्षित वास्तूंच्या भोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते, असे २०१० साली कायद्यात आले. वारशाच्या रक्षणासाठी हे हवेच. पण त्या शंभर मीटरांत एखादे जुने घर असले तर त्याच्या मालकाला मौज अशी दिसते, की शेजारच्या वारशासाठी त्याचे घर बांधलेले, आणि त्याचे घर स्वतः मात्र वारसा नव्हे. १९८४ च्या आगीत इंदूरच्या राजवाड्याचा मागला भाग जळाला तो पुढे पुन्हा उभा करण्यात आला, याचा आनंद आहे. कारकुनाच्या वाड्यासाठी असे कुणी येणार नाही, आणि यावे अशी अपेक्षाही नाही.

येतात ते लाकडाचे व्यापारी. गुळगुळीत बोलणारा एक गृहस्थ मोटार घेऊन आला होता. त्याला वाडा नको होता. ओसरीचे आठ खांब, हस्त आणि दिंडी दरवाजा हवा होता. कुठल्याशा हॉटेलात लावायचे होते. त्याने सांगितलेली रक्कम आमच्या साऱ्या दुरुस्तीच्या अंदाजाहून मोठी होती. खांब विकून त्या पैशांत वाडा दुरुस्त करावा, अशी सूचनाही एका वारसदाराने गंभीरपणे लिहून पाठविली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दारावर नोटीस चिकटली: इमारत जीर्ण आहे, उतरवून घ्यावी, अपघात झाल्यास जबाबदारी मालकांची. एरवी एकोणीस तोंडे असलेले मालक या एका शब्दाने एकत्र आले. बैठक भरली. विकावे असे अकरा जण म्हणाले. आत कोपऱ्यात थोरली आत्या बसली होती. वय त्र्याऐंशी, आयुष्य मुलींच्या शाळेत शिकविण्यात गेलेले, वाड्यात कायम राहणारी कुटुंबातली ती एकटी. तिला कुठे ठेवायचे यावर चर्चा सुरू झाली. कुणी इंदूर म्हणाले, कुणी पुणे, कुणी चांगल्या आश्रमाचे नाव घेतले. आत्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मला इथून हलवायला चार माणसं लागतील. ती एका वेळी जमतात का, ते आधी बघा.”

कुणी बोलले नाही. विक्री एक वर्ष पुढे ढकलावी, असे ठरले. म्हणजे माझ्या हाती एक वर्ष होते.

मांडूच्या इमारतींवर काम केलेला एक म्हातारा मिस्त्री मिळाला. त्याने दोन दिवस काहीच केले नाही. भिंती वाजवून पाहिल्या, ओळंबा सोडला, चौकात बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहिले. मग म्हणाला, “भींत के सांस लेवा दो, बाबूजी. पेलां पाणी काढो.” नव्या भिंतीचा, नव्या छपराचा विषयच त्याने काढला नाही.

पहिले काम पाण्याचे झाले. चार मोऱ्या बंद केल्या. त्यासाठी मला जेवढे बोलावे लागले तेवढे कोर्टात वकिलालाही बोलावे लागले नसेल. फरसबंदी उचलली तेव्हा खाली जुनी दगडी पन्हळ निघाली, गाळाने भरलेली, पण धड. ती उपसली आणि सारे पाणी पुन्हा एका वाटेने बाहेर गेले. मग भिंतींचा सिमेंटचा गिलावा कमरेइतका खरवडला आणि भिंती एक पूर्ण उन्हाळा उघड्या ठेवल्या. लोक विचारीत, काम थांबले काय? काम चालले होते. भिंती वाळत होत्या. दरम्यान कळीचा चुना भिजत घातला, सुरखी चाळून ठेवली. चुन्याला घाई चालत नाही. तो आठवडे मुरला पाहिजे.

सर्वांत कठीण निर्णय मागल्या सोप्याचा. तो वाचण्यापलीकडे गेला होता. तो आम्ही उतरविला. बाळंतिणीची खोली त्यातच होती. माझ्या वडिलांचा आणि आत्याचा जन्म तेथला. त्या सोप्यातले चांगले सागवान पुढच्या छपरात गेले, आणि जे आठशे कवेलू चार गावांत मिळाले नाहीत ते तेथूनच निघाले. पुढचा वाडा मागल्या वाड्याच्या जिवावर उभा राहिला. आत्याने त्या खोलीची कडी तेवढी मागून घेतली आणि देवघराच्या दाराला लावली.

एवढ्याने वाडा वाचला असे मी म्हणणार नाही. विकण्याचा प्रश्न मिटलेला नाही. दोन वारसदारांचे आक्षेप लेखी आहेत, आणि आत्याच्या मागे काय होईल ते कुणी सांगावे? ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांना मात्र अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दुरुस्तीचा खर्च एकदम काढू नका. कुळधर्माला जशी वर्गणी निघते तशी दर वर्षी थोडी काढा. आमच्याकडे एकोणिसांपैकी तेरा जण देतात आणि तेवढ्यात भागते. छपराच्या आधी मोरीकडे पाहा. मातीच्या भिंतीला सिमेंट लावणाऱ्या गवंड्याला, तो कितीही कामसू असला तरी, चहा देऊन परत पाठवा. शाकारणी मृगाच्या आत उरकून घ्या, आणि त्या दोन दिवसांसाठी पुण्या-मुंबईच्या मुलांना सुट्टीत बोलवा. पैसे पाठविण्याहून ते स्वस्त पडते. गेल्या वर्षी प्रॅक्टिकल विचार करणारा पुतण्या आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलाने दिवसभर खालून कवेलू झेलून दिले; त्यांतले सहा फोडले.

आणि वाड्यासाठी एक वही घाला. आमची वही ओसरीच्या खुंटीला टांगलेली असते. कोणते कवेलू बदलले, कोणती भेग किती उघडली, पन्हळ कधी उपसली, हे ज्याच्या ध्यानात येईल त्याने लिहावे, असे ठरले आहे. बहुतेक नोंदी शिंप्यांच्या हातच्या आहेत. गेल्या जून महिन्यातली त्यांची एक नोंद अशी: “रात्री दीड वाजता पहिला मोठा पाऊस. माजघर कोरडे. मोरी वाहती आहे. देवघराच्या कोपऱ्यात दोन थेंब. सकाळी कवेलू सरकवतो. आत्याबाई जाग्या होत्या, त्यांना सांगितले.”